निरर्थक आवाज

निवासला आईला विचारून काही करायची सवयच नव्हती, आणि ती खोड वेळीच मोडली नाही याचा आक्काताईंना पस्तावा होत होता. घरातलं सगळं बोलणं-चालणं टिपणारा जुना रेकॉर्डर चिरंजीवांनी भंगारात दिला. नवा आणून वडलांची सगळी हलती-बोलती चित्रं त्यात भरून मोकळे झाले.

"बघ तरी आई, अण्णांच्या मिशीचा केस न् केस दिसतोय!"

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. रोज जेवणं आटोपली की आक्काताई पडद्यावर त्यांना लावून बसायच्या. आज अण्णा सोप्यात आले, टोपी काढली, चुलीकडे वळून तोंड उघडलं, आणि एकदम चहा पिताना दिसले.

"मधलं कुठं घातलंस रे?"

"हे यंत्र निरर्थक आवाज आपोआप गाळतं. खोकला, जांभई, अगं, अहो. अर्थाचं तेवढं ठेवतं."

पन्नास वर्षांच्या संसारात अण्णांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. हाक एकच: "अगं ए!" आक्काताईंनी दुसरा दिवस लावला, तिसरा लावला. अण्णा सुनेला नावानं बोलवत होते, म्हशीलासुद्धा. बायकोकडे वळले, की चित्र उडी मारायचं.

"जुनं परत आण."

"ते पुसलं, आई. जागा फार खात होतं."

आक्काताईंनी पदर सावरला. आवाज चढला नाही.

"तुझा बाप गेला तेव्हा मी विधवा झाले, निवास. आज तू मला नवऱ्यानं टाकलेली बाई केलीस."