डबल बेल

"दहा मिनिटांत आलो," म्हणत हे टॉवेल खांद्यावर टाकून समुद्रात डुंबायला गेले. या किनाऱ्याला बस येत नाही, म्हणून गर्दी नव्हती.

जुन्या मिनीबसचं आम्ही घर केलंय. थंडीचे तीन महिने त्यातच राहतो, फिरतो. गाडी मी चालवते. पण हे जन्माचे कंडक्टर! आत दोरीची घंटा टांगलीय. ह्यांनी दोनदा ओढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा दंडक.

चाळीस वर्षांपूर्वी ह्यांच्याच बसनं माहेरी निघाले होते. सात महिन्यांची पोटुशी. वाटेतल्या स्टँडवर मळमळलं म्हणून नळावर चूळ भरायला उतरले, तर ह्यांनी डबल बेल दिली. मी पोट धरून मागे धावले. दारात उभे राहून हे ओरडले, "मागच्या गाडीनं ये!" अख्खी बस हसली. मागची गाडी चार तासांनी आली.

आज दहाची अकरा मिनिटं झाली. मी दोरी दोनदा ओढली आणि गाडी काढली.

आरशात हे दिसले. ओल्या चड्डीवर, टॉवेल सावरत धावत होते. सुकट वाळत घालणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"अगं थांब! मी राहिलो!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मागच्या गाडीनं या!"