मठ्ठ नव्हे

बेकरीत यंत्रावर पीठ मळणाऱ्या मावशी वर्षभर फोरमनला सांगत होत्या, की यंत्र बंद करायचं बटण मागच्या भिंतीवर नको, हाताशी हवं. दर वेळी तो "बघू" म्हणायचा आणि पुढे जायचा.

"माणूस मठ्ठ नाही हो, ढिम्म आहे," मावशी इलेक्ट्रिशियनला म्हणाल्या, ते फोरमननं दाराआडून ऐकलं. "मठ्ठाला कळत नाही. ह्याला कळतं, पण हा हलत नाही." ते ऐकूनही तो हलला नाही.

एका सकाळी पीठ तपासायला तो यंत्रावर वाकला आणि त्याची बाही पात्यात सापडली. हात आत ओढला जायला लागला. तेवढ्यात यंत्र थांबलं. मावशींचा तळवा यंत्राच्या कडेलाच होता, नव्या लाल बटणावर.

"हे... मला न विचारता बसवलंत?"

"विचारून विचारून दमले, मग घेतलं बसवून." मावशींनी कात्रीनं बाही कापून हात सोडवला.

हात शाबूत होता. फोरमन बराच वेळ तो चोळत बसला. मग हळूच म्हणाला, "मावशी, आणखी काय काय सांगितलं होतंत तुम्ही मला?"

मावशींनी स्टूल पुढे ओढलं. "वेळ आहे ना?"