पाचवा ‘का’

दुसरा ‘का’ येईपर्यंत वंदनाच्या लक्षातच आलं नाही, की हे प्रश्न तिच्याच घराकडं निघालेत.

लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याच्या मॅडम होत्या. शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप काढणारी कंपनी, आणि नोकरी प्रॉडक्ट मॅनेजरची. सोनाळ्यासारख्या खेड्यात रेंजचा काही नेम नाही. म्हणून तिचे वडील दयाराम बी-बियाण्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत आले होते आणि लॅपटॉपला नेट पुरवणारा फोन खिडकीशी उंच धरून उभे होते. पोरीच्या मुलाखतीला आपलाही हातभार लागतोय, या खुशीत हात भरून आला तरी माणूस हलायला तयार नव्हता.

तीन महिने वंदनानं उत्तरांच्या चौकटी घोकल्या होत्या. वापरणारा कोण, त्याची अडचण काय, आधी काय करायचं. बिघाड झाला असेल तर पाच वेळा ‘का’ विचारत जायचं, मूळ सापडतंच. आणि काही झालं तरी वापरणाऱ्याला दोष द्यायचा नाही.

“जवळून पाहिलेलं एखादं अपयश घ्या,” असं मॅडम म्हणाल्या, आणि पाठ केलेली सगळी शहरी उदाहरणं ऐन वेळी दगा देऊन गेली. तिच्या तोंडून निघालं, “बोंडअळी.”

“बरं. बीटी कपाशीवर बोंडअळी का आली?”

“अळी बीटीच्या विषाला सरावली, मॅडम.”

“का सरावली?”

“बीटीच्या थैलीबरोबर साध्या सरकीची छोटी पुडी येते. ती शेताच्या कडेनं लावायची असते. तिच्यावर साध्या अळ्या जगतात, म्हणून नुसत्या विषाला सरावलेल्यांचीच पैदास होत नाही. आमच्याकडं ती कुणी लावलीच नाही.”

“का?”

“जागा फुकट जाते, असं वाटलं लोकांना. पुड्या फेकून दिल्या.”

“असं का वाटलं?”

हा चौथा ‘का’ होता. शेतकरी अडाणी होते, एवढं म्हटलं की सुटका. पण मग दोष वापरणाऱ्यावर गेला, म्हणजे नोकरीवर पाणी. शिवाय दुकानाचे जुने गिऱ्हाईक कय्यूमचाचा काही अडाणी नव्हते. बोंडअळीच्या वर्षी त्यांनी हातची गेलेल्या उभ्या कपाशीत जनावरं सोडली, आणि तेव्हापासून ते दुकानासमोरून मान न वळवता जातात. घरात त्या सालाचं नाव कुणी काढत नाही.

ती तेव्हा शाळेत होती. गल्ल्याशेजारी बसून तिनं बाबांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, “फेका हो ते पुडी, चाचा. कायले कपाशीचं तास अडवता?”

तिनं खिडकीकडं पाहिलं नाही. नोकरी हातची जाईल ही धास्ती होतीच, पण आता खरी भीती वाटत होती ती बाबांची. ते रागावतील याची नव्हे. ते काहीच बोलणार नाहीत, आणि पुढं कधीच बोलणार नाहीत, याची.

“दुकानदारानं सांगितलं म्हणून,” ती म्हणाली.

पडद्यावरच्या मॅडम एकदम थिजल्या. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तशाच राहिल्या. खिडकीशी उंच धरलेला हात खाली आला होता. मग तो परत वर गेला असावा, कारण मॅडम हलल्या.

“आवाज तुटला होता. दुकानदारानं सांगितलं, इथपर्यंत आलो आपण. त्यानं असं का सांगितलं?”

“माहीत नाही.”

“ओळखता त्याला?”

“हो.”

“मग विचारलं का नाहीत?”

याला चौकट नव्हती. तीन महिने जपलेली पुण्याची भाषा सुटली.

“मले भेव लागते, मॅडम.”

मग खिडकीचा गज वाजला. दयारामांनी फोन गजात अडकवून ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आणि दोघंही पडद्यावर दिसतील असे ते लेकीच्या शेजारी येऊन बसले. हात मांडीवर गच्च दाबून धरले होते.

“इचार,” ते म्हणाले. “मॅडमले बी आयकू दे.”