विचारल्याशिवाय हात लावू नये
कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी चिठ्ठी चिकटवली होती: विचारल्याशिवाय हात लावू नये. रक्ततपासणीच्या लॅबना लागणारा आमच्या प्रोग्रॅमचा सेटअप, म्हणजे तो कॉम्प्युटरवर चढवणारी फाइल, त्या एकाच कॉम्प्युटरवरच्या जुन्या टूलमधून निघायचा, कारण लॅबमधले कॉम्प्युटरही तितकेच जुने. शनिवारी मी सुट्टीवर असताना नव्या मॅनेजरनी ऑफिसातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांबरोबर तोही अपग्रेड केला, जुनं टूल आणि जुने सेटअप पुसले, आणि नव्या टूलमधून निघालेला सेटअप लॅबला पाठवून मोकळे झाले. आज सकाळी लॅबच्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला. “ताई, तुमच्या सेटअपनं आधी जुना प्रोग्रॅम काढून टाकला, आणि आता म्हणतोय, या कॉम्प्युटरवर चालणार नाही. बाहेर वीस जण रिपोर्टसाठी बसलेत, एकाचं बाराला ऑपरेशन आहे.” फोन तसाच कानाला धरून मी मॅनेजरच्या टेबलाशी गेले. “त्यांना नवा कॉम्प्युटर घ्यायला सांग,” ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. “चिठ्ठी वाचली नव्हती का?” मी विचारलं. “वाचली ना. पण कुणाला विचारायचं, ते कुठे लिहिलं होतंस?” ऑफिसात सेटअप काढणारी मी एकटी, त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चिठ्ठी ओरबाडून आणली, त्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यावर त्यांचा मोबाइल नंबर लिहिला आणि फोनवर एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. “नंबर लिहून घेतलात? इथून पुढे यांनाच विचारायचं. आणि बाहेर बसलेल्या वीस जणांनाही द्या.”