सतरा नोंदी

"वरच्या वॉर्डात वर्षभरात एक चूक नाही, आणि तुमच्याकडे गेल्या एका महिन्यात सतरा," असं म्हणून मेट्रनबाईंनी मीटिंगमध्ये चुकांची वही सगळ्यांना दिसेल अशी उघडून धरली.

खालच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर उठून उभ्या राहिल्या. सतरातल्या पंधरा चुका घडल्याच नव्हत्या, घडता घडता राहिल्या होत्या, हे त्यांनी समजावून सांगितलं. कुठे शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या बाया होत्या, कुठे दोन औषधांच्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. लिहून ठेवलं म्हणून तर खाटा बदलल्या, बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत गेल्या. मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तपासणी समिती महिनाअखेरीस येणार होती. समितीची माणसं कारणं वाचत बसत नाहीत, आकडे बघतात, एवढंच त्या म्हणाल्या. यापुढे त्यांना विचारल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही, असंही ठरलं.

ती वही उगाच सुरू झालेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी दुपारची पाळी बदलताना एका म्हाताऱ्या बाईंना इन्सुलिन दोनदा दिलं गेलं. जाणारीने दिलं, पण लिहायचं राहिलं. येणारीने कागद कोरा पाहिला आणि पुन्हा दिलं. संध्याकाळच्या जेवणाची ताटं यायच्या आत बाई गेल्या. वय झालं होतं, असं त्यांच्या मुलाला सांगण्यात आलं. तो हात जोडून सगळ्यांचे आभार मानून गेला. सिस्टर तेव्हा तिथेच मान खाली घालून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदरच्या पैशांनी वही आणली. चुकलं ते लिहायचं, चुकता चुकता राहिलं तेही लिहायचं, आणि लिहिणारीला कोणी बोलणार नाही, असा शब्द त्यांनी पोरींना दिला.

तो शब्द आता मोडला. सतरावी नोंद चिमणीची होती. ही वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स. सतत बोलायची, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं होतं. भरलेली सिरिंज घेऊन ती चुकीच्या खाटेशी गेली होती. सुई टोचायच्या आधी तिने नाव विचारलं, चूक लक्षात आली, तशीच मागे फिरली आणि आपल्या पायांनी येऊन लिहून गेली. मीटिंगनंतर तिच्या हातात ठपक्याचा मेमो पडला. ती रडली नाही. सिस्टरांकडे फक्त एकदा बघितलं आणि कामाला लागली. रडली असती तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं.

घरी नवरा म्हणाला की हे हात दाखवून अवलक्षण झालं, वही मागितली होती कुणी? सिस्टरांनी ताट तसंच झाकून ठेवलं.

समिती आली आणि चालू महिन्याचं कोरं पान पाहून खूश होऊन गेली. वॉर्डात मात्र चिडीचूप झालं. पोरी कामाला चोख होत्या, पण एकमेकींना काही विचारेनाशा झाल्या. कुणी औषधाच्या कपाटाशी घुटमळायची आणि सिस्टर जवळ गेल्या की "काही नाही, सिस्टर" म्हणून निघून जायची. चिमणी तर हो आणि नाही यापलीकडे बोलत नव्हती. एका दुपारी सिस्टरांनी तिला भरलेलं इंजेक्शन बेसिनमध्ये रिकामं करताना पाहिलं. काय झालं, असं विचारल्यावर ती म्हणाली की काही झालं नाही. सिस्टरांनी पुन्हा विचारलं नाही. विचारायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं.

समिती येऊन गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मेट्रनबाईंची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचर वरच्या वॉर्डात जाणार, असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते खालच्या वॉर्डात आलं. मेट्रनबाई स्वतः एका बाजूने धरून चालत होत्या. केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला. म्हातारी कण्हत कण्हत लेकीला विचारत होती की, तू जेवलीस का?

वरच्या वॉर्डात खिडकीजवळची स्वतंत्र खोली रिकामी आहे, तिथे शांतताही असते, असं सिस्टरांनी अदबीने सांगितलं. इथे एकच खाट मोकळी होती, तीही दाराजवळ, वर्दळीत.

मेट्रनबाई आईचं पांघरूण सारखं करत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वर मी नऊ वर्षं इन्चार्ज होते. तिथलं पान कोरं कसं राहतं ते मला माहीत आहे. आई इथेच राहील."

सिस्टरांना राग यायला हवा होता, पण तो येईना. खाटेपलीकडे चिमणी औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. तिची नजर जमिनीवर होती.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "आता इथलंही तसंच राहतं."