उतरताना

डॉक्टरीणबाईंनी एक पाय गाडीबाहेर काढला आणि अदबरावांनी शिरस्त्याप्रमाणे पाठ फिरवली.

गाडी लाल होती, स्पोर्ट्‌स कार, जमिनीला पोट टेकून बसलेली. तिच्यात शिरणं सोपं. अंग सैल सोडलं की माणूस आपोआप सीटमध्ये पडतो. बाहेर येणं म्हणजे मात्र विहिरीतून वर येण्यापैकी. तिथे भल्याभल्यांचा दम निघतो. ज्यांचे गुडघे धड त्यांच्या खिशात पैसे नाहीत, आणि ज्यांच्या खिशात पैसे त्यांचे गुडघे गेलेले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असा हा धंदा.

कुणाची अशी त्रेधा उडालेली बघत उभं राहणं अदबरावांना असभ्य वाटे. ग्राहक उतरू लागला की ते काच पुसत, नाहीतर कॉफी सांगायला जात. शोरूममध्ये नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते हेच शिकवत. बसताना दार धरायचं, उतरताना पाठ फिरवायची. अदबराव हे त्यांचं टोपणनाव त्यातूनच पडलेलं, आणि त्यांना ते मनापासून आवडे. घरीही त्यांची हीच रीत होती. वडिलांची कंबर धरल्यापासून त्यांना पलंगावरून उठताना फार कष्ट पडत. ते उठू लागले की अदबराव खोलीबाहेर जात आणि हळूच दार ओढून घेत. ज्यांनी आपल्याला खांद्यावर नाचवलं त्यांची धडपड आपण बघू नये, असं ते बायकोलाही सांगत. पुढे वडील जेवायला टेबलाशी येईनासे झाले, तेव्हा ताट खोलीत जाऊ लागलं. मग गॅलरीही सुटली, तेव्हा टीव्ही आत गेला. म्हातारपणी माणसाला कशात रस उरत नाही, अशी अदबरावांनी स्वतःची समजूत घातली.

इथे शोरूममध्ये एवढी अदब राखूनही गाडी काही जात नव्हती. लोक येत, बसत, स्टिअरिंग कुरवाळत, लहान मुलासारखे हरखत. मग कसेबसे उतरत, घाम पुसत, घरी विचारून सांगतो म्हणत आणि जात ते जातच. शेठ म्हणाले, किंमत जास्त आहे. किंमत उतरवली. पुन्हा उतरवली. आता सवलतीचा कागद एवढा मोठा लागला होता की गाडीआधी तोच दिसे. आज सकाळी शेठनी शेवटचं सांगून टाकलं होतं. महिनाअखेर गाडी गेली नाही तर ती पडत्या भावाने दलालाला द्यायची, आणि अदबरावांनी मागच्या आवारात जुन्या गाड्यांपाशी बसायचं. उभी हयात पुढच्या काचेशी काढलेल्या माणसाला हे ऐकून जेवण गेलं नव्हतं.

म्हणून आज त्यांनी अदबीत कसर ठेवली नाही. पुसलेली काच ते पुन्हा पुसू लागले. मागे धाप ऐकू आली. मग काहीच नाही. काचेत त्यांना बाईंचा हात दिसला, हवेत वर धरलेला. केस सारखे करत असतील, असं समजून त्यांनी नजरही खाली घातली.

"अहो, पाठ काय दाखवताय?" मागून आवाज आला. "हात द्या."

अदबराव दचकून वळले. बाई अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अडकल्या होत्या. त्यांनी धावत जाऊन हात दिला, तशा बाई एका झटक्यात उभ्या राहिल्या आणि कपडे सारखे करत हसल्या. जन्मभर लोकांचे दात काढले, म्हणाल्या, पण इतका जोर कधी लागला नाही. मग त्यांनी सांगितलं की ही गाडी नवी आली तेव्हाही त्या येऊन गेल्या होत्या, पुऱ्या किमतीत घ्यायच्या तयारीने. तेव्हाही असाच हात पुढे केला होता.

"तेव्हा तुमची पाठ बघितली," त्या म्हणाल्या, "आणि घरी गेले."

गाडी त्यांनी घेतली. घरी भाची आहे हात द्यायला, एवढंच सही करताना बोलल्या. शेठ खूष झाले. सूट दिली की दगडही खपतो, म्हणत त्यांनी अदबरावांची पाठ थोपटली. परत गेलेले ते सगळे लोक अदबरावांना आठवत होते. त्यांतल्या कुणाकुणाचा हात वर होता, हे त्यांना सांगता आलं नसतं, कारण त्यांनी बघितलंच नव्हतं. लाजेने त्यांचे कान तापले. मग त्यांना घरची खोली आठवली, आणि ते कॉफी न पिताच निघाले.

वडील पलंगाच्या कडेला बसले होते. उठायच्या बेतात होते बहुतेक, पण मुलाला बघून थांबले आणि तो बाहेर जायची वाट बघू लागले. अदबराव गेले नाहीत. समोर जाऊन त्यांनी हात पुढे केला.

"चला बाबा, आज टेबलाशी जेवू."

वडील त्या हाताकडे बघत राहिले, मग मुलाच्या तोंडाकडे. त्यांनी हात घट्ट धरला, पण लगेच उठले नाहीत.

"तू रोज बाहेर जायचास ना रे," ते म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."