घासाघीस

सहा वर्षांच्या उत्तराच्या हातून रेशनची साखर सांडली, तशी जयंतीबाई कडाडल्या, "धांदरट मेली! एक काम धड येत नाही. दुपारी बोहारीण आली ना, की तिलाच देऊन टाकते तुला. माझी कटकट तरी जाईल!"

दुपारी मुलुंडच्या त्या चाळीत बोहारीण खरंच आली. जुन्या कपड्यांवर द्यायचं जर्मनचं पातेलं तिने पुढे ठेवलं आणि एकेका कपड्याला नावं ठेवायला लागली. जयंतीबाई कसल्या ऐकतात!

"विटलंय कुठे? हात लावून बघ, अजून किती मऊ आहे लुगडं. काठाचा एक धागा सुटलेला नाही. आणि ह्यांच्या शर्टाची फक्त कॉलर गेलीय, बाकी कापड नव्यासारखं आहे."

"बाई, एवढ्यात नाही परवडत. अजून एक काहीतरी घाला, मग पातेलं तुमचं."

दाराआडून उत्तरा बाहेर आली. अंगात दिवाळीचा फ्रॉक, केस पाणी लावून स्वतःच चापून बसवलेले. आईचा पदर ओढून तिने हळूच विचारलं,

"आई, माझ्यात काय चांगलं आहे म्हणून सांगशील तिला?"